चाकांवरच्या घराचे वजन

कॅम्पर ट्रेलर विकून ऑफ-रोड कॅराव्हॅन घेण्याचा विचार ऑस्ट्रेलियातील अनेक कुटुंबे करतात. सोय वाढते हे खरे. पण त्या सोयीबरोबर येणारे वजन मोटारीला, कायद्याला आणि इच्छित वाटेला मानवते का, हे आधी तपासले पाहिजे.

ऑस्ट्रेलियात लांबची सुटी म्हणजे मोटारीमागे काहीतरी जोडून निघणे, असा प्रघात गेल्या अनेक दशकांत पडला आहे. देशाला वळसा घालणारा ‘हायवे वन’ हा महामार्ग सुमारे १४,५०० किलोमीटर लांबीचा आहे आणि त्यातून ओसाड अंतर्भागाकडे फुटणाऱ्या कच्च्या वाटांची तर गणतीच नाही. जेथे दोन वस्त्यांमध्ये दोन-दोनशे किलोमीटरचे अंतर असते, तेथे निवारा शोधत फिरण्यापेक्षा तो सोबत नेणे शहाणपणाचे ठरते. निवृत्तीनंतर वर्ष-दोन वर्षे असेच भटकणाऱ्या ज्येष्ठांना तेथे ‘ग्रे नोमॅड’ असे नावच पडले आहे. शाळांच्या सुट्यांत मुलाबाळांसह निघणारी कुटुंबेही काही कमी नाहीत आणि मेलबर्न, सिडनी, पर्थ या शहरांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपुढेही हा प्रश्न येतो.

या प्रवासाच्या बहुधा तीन पायऱ्या असतात. प्रथम साधा तंबू, मग कॅम्पर ट्रेलर आणि त्यानंतर कॅराव्हॅन. पहिल्या पायरीवरून दुसरीवर जाताना फारसे काही बिघडत नाही. दुसरीवरून तिसरीवर जाताना मात्र एक मोठा बदल घडतो आणि प्रदर्शनातील चकचकीत कॅराव्हॅन पाहताना तो ध्यानात येत नाही. हा बदल वजनाचा आहे. हजार-पंधराशे किलोंच्या जागी अडीच-तीन हजार किलोंचे ओझे मोटारीमागे येते. पुढचे सारे प्रश्न, म्हणजे मोटार कोणती, ब्रेक कसे, इंधन किती आणि जाता कोठे येईल, हे या एका गोष्टीतून निर्माण होतात.

दोन वाहने, दोन प्रकृती

कॅम्पर ट्रेलर म्हणजे मूलतः भक्कम बांधणीचा, सामान वाहणारा ट्रेलर आणि त्यावर घडी घातलेला कॅनव्हासचा तंबू. मुक्कामी पोहोचल्यावर झाकण उघडून तंबू उभारायचा, खुंट्या ठोकायच्या, ट्रेलरच्या कुशीतून स्वयंपाकाचा ओटा बाहेर ओढायचा. सरावलेल्या माणसांनाही यात पंधरा ते तीस मिनिटे जातात. हा ट्रेलर ठेंगणा असतो, त्यामुळे त्याला वारा फारसा अडत नाही, तो मोटारीच्या मागोमाग निमूट येतो आणि अडचणीच्या जागी दोन माणसे त्याला हाताने ढकलूही शकतात.

त्याच्या उणिवा मुक्कामाच्या वेळी जाणवतात. एकेका रात्रीचा मुक्काम करत पुढे जायचे असेल, तर रोजची उभारणी आणि आवराआवर कंटाळवाणी होते. पावसात कॅनव्हास ओला असताना घडी घालावी लागली, तर घरी परतल्यावर तो पुन्हा उघडून वाळवावा लागतो. अन्यथा बुरशी धरते. स्वयंपाक उघड्यावर, माश्या आणि वाऱ्याच्या संगतीत करावा लागतो. भारतातून दोन-तीन महिन्यांसाठी आलेल्या आई-वडिलांना रात्री शिडीवरून उतरून दूरच्या स्वच्छतागृहापर्यंत चालत जाणे अवघड जाते. वाढत्या वयाची गुडघेदुखी हे कॅम्पर ट्रेलर विकण्यामागचे एक प्रामाणिक आणि सार्थ कारण होय.

कॅराव्हॅनमध्ये यातील बहुतेक प्रश्न सुटतात. पलंग कायम अंथरलेला, शेगडी आणि फ्रीज आत, शौचालय व न्हाणीघर चार पावलांवर. चार टेकू खाली सोडले, गॅस सुरू केला, की दहा मिनिटांत चहाचे आधण ठेवता येते. पाऊस, थंडी आणि धूळ यांपासून खरा आडोसा मिळतो. एक नियम मात्र विसरता कामा नये. चालत्या कॅराव्हॅनमध्ये कोणालाही बसवणे ऑस्ट्रेलियात बेकायदा आहे. आत सहा जणांना झोपण्याची सोय असली, तरी प्रवास मोटारीत जितकी आसने आणि पट्टे आहेत तितक्याच माणसांना करता येतो.

‘ऑफ-रोड’ या शब्दाचा अर्थ

कोणत्या कॅराव्हॅनला ‘ऑफ-रोड’ म्हणावे याचे एकच सर्वमान्य मोजमाप नाही. हा शब्द विक्रेत्याचा असतो. उंच चाके, काळे पत्रे आणि बाजूवर रंगवलेल्या वाळवंटाच्या चित्रामुळे कॅराव्हॅन ऑफ-रोड होत नाही. खरी परीक्षा खाली वाकून, बुडाशी पाहिल्यावर होते.

ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील कच्चे रस्ते पन्हळी पत्र्यासारखे होतात. वाहनांची चाके उसळत राहिल्याने मातीत आडव्या लाटा तयार होतात आणि त्यावरून शेकडो किलोमीटर जाताना वाहनाला अखंड कंप बसतो. एखाद्या मोठ्या खड्ड्यापेक्षा हा कंपच अधिक नुकसान करतो. स्क्रू सैल होतात, कपाटांची दारे उघडून आतले सामान विखुरते, वेल्डिंगच्या जागी चासीला तडे जातात. म्हणूनच चांगल्या ऑफ-रोड कॅराव्हॅनमध्ये चासी अधिक जाड पोलादाची असते, प्रत्येक चाक स्वतंत्रपणे वर-खाली होईल असे सस्पेन्शन असते आणि बहुधा प्रत्येक चाकाला दोन शॉक ॲब्सॉर्बर असतात. साधे पाट्यांचे सस्पेन्शन टाकाऊ नसते. ते दुरुस्तीला सोपे आणि सोसणारे असते. आतल्या सामानाला मात्र त्यात दणके जास्त बसतात.

मोटार आणि कॅराव्हॅन यांना जोडणाऱ्या सांध्याचेही तसेच आहे. साध्या रस्त्यावर पन्नास मिलिमीटर व्यासाचा गोळा आणि त्यावर बसणारी वाटी पुरते. ओढ्यात उतरताना मोटार एका कोनात आणि कॅराव्हॅन दुसऱ्या कोनात असते. तेव्हा सर्व दिशांना मोकळेपणाने फिरणारा सांधा लागतो. ‘डीओ ३५’ किंवा ‘मॅकहिच’ ही नावे या संदर्भात नेहमी ऐकू येतात.

भिंतींचा सांगाडा कशाचा आहे हेही विचारावे. जुन्या पद्धतीत लाकडी सांगाड्यावर पत्रा ठोकत. त्यात पाणी मुरले तर लाकूड आतल्या आत कुजते. ॲल्युमिनियमचा सांगाडा किंवा फायबरग्लासचे अखंड तावदान ओलाव्याला अधिक दाद देत नाही. धुळीचा बंदोबस्तही पाहावा. काही कॅराव्हॅनच्या छपरावर अशी खिडकी असते, की चालत्या वाऱ्यामुळे आत हवेचा किंचित दाब राहतो आणि फटींतून फुफाटा आत शिरत नाही. मात्र गॅससाठी ठेवलेली वायुवीजनाची भोके धूळ येते म्हणून कायमची बुजवणे हा जिवाशी खेळ ठरतो.

वजनाचे गणित

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. ऑस्ट्रेलियात प्रत्येक ट्रेलरवर एक पाटी ठोकलेली असते आणि तिच्यावर काही संक्षेप असतात. ‘टेअर’ म्हणजे कारखान्यातून निघतानाचे रिकामे वजन. ‘एटीएम’चा येथे बँकेशी संबंध नाही, सर्व सामानासह, मोटारीपासून सुटा असताना ट्रेलरचे जे कमाल वजन चालते, ते एटीएम. ‘जीटीएम’ म्हणजे जोडलेल्या अवस्थेत ट्रेलरच्या स्वतःच्या चाकांवर येणारे कमाल वजन. एटीएममधून टेअर वजा केले, की आपल्याला किती सामान भरता येईल ते कळते.

मोटारीकडेही असेच दोन आकडे असतात. ‘जीव्हीएम’ म्हणजे माणसे आणि सामान धरून मोटारीचे कमाल वजन. ‘जीसीएम’ म्हणजे मोटार आणि ट्रेलर या दोहोंचे मिळून कमाल वजन. याखेरीज जाहिरातीत ठळक अक्षरांत झळकणारा तिसरा आकडा असतो, तो ओढण्याच्या क्षमतेचा. तेथील अनेक फोर-व्हील-ड्राइव्ह मोटारींसाठी तो ३,५०० किलो असतो आणि तेवढाच पाहून पुष्कळ लोक कॅराव्हॅन निवडतात.

हा आकडा कसा फसवा ठरतो, हे एका काल्पनिक उदाहरणावरून पाहू. मोटारीचे भरलेल्या टाकीसह वजन २,३०० किलो, जीव्हीएम ३,१०० किलो, जीसीएम ६,००० किलो आणि ओढण्याची क्षमता ३,५०० किलो आहे असे समजू. चौघांच्या कुटुंबाचे वजन २८० किलो. पुढचा लोखंडी बंपर, छपरावरील रॅक, फ्रीज, दुसरी बॅटरी, हत्यारे यांचे मिळून २५० किलो. म्हणजे निघतानाच मोटार २,८३० किलोंची झाली.

तिच्यामागे १,५०० किलोंचा कॅम्पर ट्रेलर जोडला आणि त्याचा १५० किलो भार मोटारीच्या गोळ्यावर आला, तर मोटारीवरचे एकूण वजन २,९८० किलो होते. दोन्ही वाहनांचे मिळून ४,३३० किलो भरतात. दोन्ही आकडे मर्यादेच्या आत आहेत.

आता कॅम्पर ट्रेलरच्या जागी ३,१०० किलो एटीएमची कॅराव्हॅन पूर्ण भरून जोडली. ओढण्याच्या क्षमतेहून ती तब्बल ४०० किलोंनी हलकी, म्हणून मालक निश्चिंत असतो. पण गोळ्यावर ३१० किलो भार येताच मोटार ३,१४० किलोंची होते. म्हणजे जीव्हीएमची मर्यादा ४० किलोंनी ओलांडली गेली. दोहोंचे मिळून वजन ५,९३० किलो, म्हणजे जीसीएमपर्यंत जेमतेम ७० किलोंचा वाव राहिला. कॅराव्हॅन पूर्ण ३,५०० किलोंची असती, तर हेच एकत्रित वजन ६,३३० किलो होऊन मर्यादेच्या ३३० किलो पुढे गेले असते. तीन-साडेतीन टन ओढण्याची क्षमता खरीच असते. पण मोटार जवळजवळ रिकामी ठेवली तरच ती वापरता येते.

कॅराव्हॅनच्या आतील हिशेबही तितकाच काटेकोर असतो. समजा टेअर २,५०० किलो आहे, म्हणजे सामानासाठी ६०० किलो मिळाले. शंभर लिटरच्या दोन टाक्या भरल्या, की २०० किलो पाण्यातच गेले. भरलेले दोन गॅस सिलिंडर ४०, नंतर बसवलेल्या बॅटऱ्या व सौर तक्ते ६०, मांडव ३०, भांडीकुंडी व धान्य ८०, कपडे-अंथरूण ६०, जादा चाक ३५ आणि जनरेटर २५ किलो धरला, तर एकूण ५३० किलो होतात. मुलांच्या सायकली आणि प्रेशर कुकर अजून यायचेच आहेत. कित्येक कॅराव्हॅनमध्ये मुळात ४०० किलोंचाच वाव असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यांचे गांभीर्य कळेल. शिवाय विक्रेत्याने मागाहून बसवलेल्या वस्तू पाटीवरील टेअरमध्ये धरल्या असतीलच असे नाही.

मर्यादा ओलांडल्यास दंड होतो, ही यातील लहान बाब आहे. अपघात झाला आणि वजन जास्त होते असे दिसून आले, तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. त्या अपघातात दुसऱ्या कोणाला इजा झाली असेल, तर एका सुटीची किंमत आयुष्यभर चुकवावी लागते.

गोळ्यावरचा भार आणि तरफेचा नियम

ट्रेलरच्या एकूण वजनाच्या सुमारे दहा टक्के भार जोडणीच्या गोळ्यावर असावा, असा ऑस्ट्रेलियात सर्वसाधारण संकेत आहे. भार फार कमी असेल, तर कॅराव्हॅन मागून डोलू लागते. फार जास्त असेल, तर मोटारीचा मागचा भाग दबतो.

येथे शाळेत शिकलेला तरफेचा नियम आठवावा. गोळा मोटारीच्या मागच्या ॲक्सलच्या आणखी मागे असतो. हे अंतर १.२ मीटर आणि दोन ॲक्सलमधील अंतर २.८ मीटर धरले, तर ३१० किलोंच्या भारामुळे मागच्या ॲक्सलवर प्रत्यक्षात सुमारे ४४३ किलो येतात आणि पुढची चाके सुमारे १३३ किलोंनी हलकी होतात. पुढची चाके हलकी झाली, की वळण घेण्याची आणि ब्रेक लावण्याची त्यांची पकड कमी होते. जीव्हीएमच्या आत राहूनही मागच्या ॲक्सलची मर्यादा ओलांडली जाऊ शकते, ती यामुळेच. मागच्या स्प्रिंगा जाड केल्या की गाडी सरळ दिसते. पण ॲक्सलवरचा भार त्याने घटत नाही आणि कायदेशीर मर्यादाही वाढत नाही. ती वाढवायची असेल, तर मान्यताप्राप्त जीव्हीएम-वाढ करून घ्यावी लागते आणि तीमुळे जीसीएमही आपोआप वाढेल असे समजू नये.

ब्रेक आणि हेलकावे

ऑस्ट्रेलियातील नियमांनुसार ७५० किलोंपर्यंत जीटीएम असलेल्या ट्रेलरला स्वतंत्र ब्रेक लागत नाहीत. त्यापुढे २,००० किलोंपर्यंत निदान एका ॲक्सलच्या चाकांना ब्रेक हवेत. २,००० किलोंच्या पुढे मात्र सर्व चाकांना ब्रेक हवेत, ते चालकाला आपल्या आसनावरून लावता आले पाहिजेत आणि ट्रेलर मोटारीपासून तुटून सुटलाच तर ते आपोआप लागतील अशी व्यवस्थाही हवी. कॅम्पर ट्रेलर बहुधा मधल्या गटात, तर ऑफ-रोड कॅराव्हॅन तिसऱ्या गटात मोडते. त्यामुळे मोटारीत विजेवर चालणाऱ्या ब्रेकांचा नियंत्रक बसवणे हा खर्च जवळजवळ अटळ असतो.

उंच आणि लांब कॅराव्हॅनचा सर्वांत मोठा धोका म्हणजे तिचे नागमोडी हेलकावे. उतारावर वेग वाढला, बाजूने वाऱ्याचा झोत आला किंवा त्रेपन्न मीटरहून लांब असलेली रोड ट्रेन शेजारून गेली, की कॅराव्हॅन एका बाजूला खेचली जाते, मग दुसऱ्या बाजूला आणि प्रत्येक हेलकाव्यागणिक हिसका वाढत जातो. जड सामान अगदी पुढे किंवा अगदी मागे ठेवले असेल, तर हा झोका आवरणे अधिक कठीण होते. म्हणून जड वस्तू ॲक्सलच्या जवळ आणि शक्य तितक्या खाली ठेवाव्यात. मागच्या बंपरवर दोन चाके, हत्यारांची पेटी आणि सायकली टांगण्याची हौस येथे महागात पडते. हेलकावे सुरू झाले तर मोटारीचा ब्रेक दाबू नये आणि स्टिअरिंग जोरात फिरवू नये. ॲक्सिलरेटरवरून पाय हळूहळू काढावा आणि नियंत्रकावरील बटणाने केवळ कॅराव्हॅनचे ब्रेक हलके लावावेत. हेलकावे ओळखून ब्रेक आपोआप लावणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आता अनेक कॅराव्हॅनमध्ये मिळते. ती असली तरी चुकीच्या जागी ठेवलेले सामान तिला दुरुस्त करता येत नाही.

एवढे मोठे वाहन ओढण्यासाठी तेथे वेगळा परवाना लागत नाही. साध्या मोटारीचा परवाना पुरतो. त्यामुळेच कॅराव्हॅन ओढण्याचे एखाद्या दिवसाचे प्रशिक्षण स्वतःहून घेणे अगत्याचे ठरते.

नकाशा आक्रसतो

जिला ऑफ-रोड म्हणून विकत घेतले, तिच्यामुळेच काही ऑफ-रोड वाटा बंद होतात, हा या बदलातील सर्वांत कमी चर्चिला जाणारा भाग आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियातील पुर्नुलुलू राष्ट्रीय उद्यानाचे उदाहरण बोलके आहे. मधमाश्यांच्या पोळ्यांसारख्या पट्टेदार डोंगरांमुळे प्रसिद्ध असलेल्या या ‘बंगल बंगल’ प्रदेशाला २००३ मध्ये जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. महामार्गापासून उद्यानापर्यंत जाणारी ५३ किलोमीटरची वाट खडतर आहे आणि तिच्यावर कॅराव्हॅनला मज्जाव आहे. एका ॲक्सलचा भक्कम ऑफ-रोड ट्रेलर मात्र नेता येतो. म्हणजे कॅम्पर ट्रेलरवाला थेट आत जाऊन मुक्काम करतो आणि लाखभर डॉलरच्या कॅराव्हॅनचा मालक ती महामार्गालगत ठेवून तंबू घेऊन आत जातो.

सिम्प्सन वाळवंटात एकामागोमाग एक अशा हजारांहून अधिक वाळूच्या टेकड्या आहेत; तेथे कोणताही ट्रेलर नेऊ नये असाच सल्ला दिला जातो. केप यॉर्कच्या जुन्या तारमार्गावरील ओढ्यांचे काठ इतके उभे आहेत, की कॅराव्हॅनने मुख्य रस्त्याचाच आधार घ्यावा. याउलट डर्बीपासून पूर्वेकडे जाणारा सुमारे ६६० किलोमीटरचा गिब रिव्हर रोड कोरड्या ऋतूत चांगल्या ऑफ-रोड कॅराव्हॅनने पार करता येतो. टायरमधील हवा कमी करून, वेग आवरून आणि पेंटेकोस्ट नदीचे पात्र ओलांडण्यापूर्वी पाण्याचा अंदाज घेऊनच. आपल्याला नेमके कोठे जायचे आहे, याची यादी खरेदीच्या आधी करावी ती याकरिता. वर्षातील नव्वद टक्के मुक्काम डांबरी रस्त्यालगत होणार असतील, तर ऑफ-रोड बांधणीचे जादा वजन आणि जादा किंमत कशासाठी, हा प्रश्न उरतो. उरलेले दहा टक्केच खरे आवडीचे असतील, तर कॅम्पर ट्रेलर विकण्याची घाई कशासाठी, हाही प्रश्न तितकाच रास्त आहे.

इंधनाचाही नकाशाशी संबंध आहे. कॅराव्हॅनचा उंच दर्शनी भाग वाऱ्याला भिंतीसारखा अडवतो. कॅम्पर ट्रेलरसह शंभर किलोमीटरला १५ लिटर डिझेल पिणारी मोटार कॅराव्हॅनसह २० लिटर पिऊ लागली, तर ११० लिटरच्या टाकीवर ७३० किलोमीटरऐवजी ५५० किलोमीटरच जाता येते. डांबरी महामार्गावर हा फरक खिशाला जाणवतो. दूरच्या कच्च्या मार्गावर त्यासाठी जादा डिझेल न्यावे लागते, म्हणजे पुन्हा वजन.

मधला मार्ग

अलीकडच्या काळात या दोहोंच्या मध्ये ‘हायब्रिड’ नावाचा प्रकार लोकप्रिय झाला आहे. त्याच्या भिंती टणक असतात, पलंग आत आणि कायम तयार असतो. स्वयंपाकघर मात्र बहुधा बाहेर उघडते आणि छप्पर मुक्कामी उचलता येते. लांबी व वजन कमी असल्याने अनेक वाटा खुल्या राहतात. दोघांच्या प्रवासाला हा प्रकार उत्तम. चार-पाच जणांना मात्र बाहेर तंबू जोडावा लागतो आणि मूळची कटकट काही अंशी परत येते. किमतीचा ढोबळ अंदाज द्यायचा, तर नवा कॅम्पर ट्रेलर काही दहा हजार ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये मिळतो, हायब्रिडला त्याच्या दुप्पट-तिप्पट मोजावे लागतात आणि सर्व सोयींची ऑफ-रोड कॅराव्हॅन एक लाखाच्या घरात किंवा पुढे जाते. त्यात मोटार बदलावी लागली, तर हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

खरेदीपूर्वी

क्रम असा असावा. प्रथम आपली मोटार कुटुंबासह आणि नेहमीच्या सामानासह वजनकाट्यावर न्यावी. ऑस्ट्रेलियात सार्वजनिक वजनकाटे आहेत आणि घरी येऊन वजन करून देणारे व्यावसायिकही आहेत. त्या आकड्यावरून जीव्हीएम आणि जीसीएममध्ये किती वाव उरतो ते काढावे आणि त्या वावात बसेल अशीच कॅराव्हॅन पाहावी. करारात टेअर, एटीएम आणि गोळ्यावरचा भार लेखी घ्यावा. ताबा घेतल्यावर पुन्हा वजन करावे. कॅराव्हॅनची चाके मोटारीच्याच मापाची आणि तेवढ्याच नटांची मिळत असतील, तर जादा चाके दोन्हीकडे चालतात.

‘रोड व्हेइकल स्टँडर्ड्स’ हा २०१८ चा कायदा २०२१ पासून टप्प्याटप्प्याने अमलात आला आणि नवे ट्रेलर मान्यताप्राप्त वाहनांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदवणे बंधनकारक झाले. ती नोंद आहे का, हे पाहावे. ऑस्ट्रेलियाच्या स्पर्धा व ग्राहक आयोगाने २०२२ मध्ये नव्या कॅराव्हॅनच्या विक्रीविषयी अहवाल प्रसिद्ध केला. सदोष बांधणी, दुरुस्तीतील विलंब आणि ग्राहकांच्या हक्कांविषयी दिली जाणारी चुकीची माहिती या तक्रारी त्यात ठळकपणे आल्या होत्या. निर्मात्याची वॉरंटी संपली, तरी ग्राहक कायद्याने मिळणारे हक्क लगेच संपत नाहीत, हे ध्यानात ठेवावे. वॉरंटीपत्रात ‘ऑफ-रोड’ वापराची व्याख्या काय केली आहे, तीही सही करण्यापूर्वी वाचावी.

जुनी कॅराव्हॅन घेताना चासीचे सांधे, कोपऱ्यांतील ओल, मऊ झालेल्या भिंती आणि टायरवरील निर्मितीची तारीख तपासावी. घरासमोर सात-आठ मीटर लांबीची कॅराव्हॅन उभी राहील का, हेही मोजून पाहावे. नाहीतर जागेचे भाडे दरमहा भरावे लागते. सर्वांत उपयुक्त सल्ला म्हणजे खरेदीआधी तशीच कॅराव्हॅन आठवडाभर भाड्याने घेऊन पाहावी. इंधन किती लागते, मागे घेताना किती त्रेधा उडते आणि रात्री झोप किती लागते, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्या आठवड्यात मिळतात.

आणि त्यानंतरही कॅराव्हॅनच घ्यावीशी वाटली, तर ती अवश्य घ्यावी. थकलेल्या आई-वडिलांना रात्री उबदार पलंग मिळणे किंवा मुसळधार पावसात मुलांना कोरड्यात जेवू घालता येणे, या सुखाची किंमत आकड्यांत मांडता येत नाही. ते सुख वाहून नेणाऱ्या मोटारीच्या आणि ॲक्सलच्या मर्यादा मात्र आकड्यांतच लिहिलेल्या असतात आणि घराबाहेर पडण्यापूर्वी त्या वाचून घेणे सर्वांच्या हिताचे आहे.